पाहुण्याचा उन्हाळा आणि घरच्यांचा उन्हाळा

मराठी ललित वाङ्मयातील खेड्याचा उन्हाळा बहुधा सुटीतला असतो. शाळा बंद झालेली असते, एसटी गाड्यांतून मुले आजोळी पोचलेली असतात, अढीतल्या आंब्यांचा वास माजघरात कोंदलेला असतो, आणि विहिरीत उड्या मारण्यापलीकडे कोणाला काही काम नसते. या चित्राची गोडी कोणी नाकारू नये. परंतु ते पाहुण्याने काढलेले चित्र आहे. ज्याने ते काढले तो मृगाच्या आधी शहरात परतलेला असतो. त्याच्या पाठीमागे जे घर उरते त्याचा उन्हाळा निराळा असतो, आणि तो आपल्या साहित्यात कितपत उतरला आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आम्हा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना विशेष जवळचा आहे. नोकरीनिमित्त म्हैसूरला, इंदूरला किंवा हैदराबादला स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलांना गावचे घर ठाऊक होते ते पुस्तकांतून, किंवा वर्षाकाठच्या आठ-दहा दिवसांच्या मुक्कामातून. ती पुस्तकेही पाहुण्यांनीच लिहिलेली असली, तर त्या मुलांच्या मनात खेडे म्हणजे विश्रांतीचे ठिकाण एवढीच कल्पना रुजते. जेथे माणसे वर्षातील सर्वांत कोरडे दिवस सर्वांत अधिक राबून काढतात त्या जागेविषयी असा समज होणे, हा त्या माणसांवर अन्याय आहे.

घरच्यांच्या उन्हाळ्याला मराठीत एक नेमका शब्द आहे: बेगमी. कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या या तयारीला आगोट म्हणतात. देशावर फाल्गुन-चैत्रात नांगरट होते, म्हणजे उलथलेली ढेकळे उन्हात तापून निघतात. पुढे गाड्यांनी शेणखत ओढायचे, विहिरीतला गाळ उपसायचा, फुटलेले बांध घालायचे, कडब्याची गंजी झाकायची, गोठ्याचे छप्पर शाकारायचे. कोकणात भाताच्या रोपांसाठी राखलेल्या जमिनीवर पालापाचोळा आणि शेणी पसरून भाजावळ करायची, कौले परतायची, नारळीच्या झावळ्या विणून पडवीला आडोसा करायचा, आणि एवढे करून पोफळींना पाणी द्यायचे ते चुकत नाहीच.

घरातील काम याहून थोडे नसते. कुरडयांचे एकच उदाहरण घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, आणि पहाटे उठून मीठ-हिंग घालून चुलीवर घाटायचा. गुठळी होऊ न देता तो घाटणे हे मनगटाचे काम आहे. ऊन चढण्यापूर्वी सोऱ्याने कुरडया घालून झाल्या पाहिजेत, नाहीतर चीक गार होऊन दाबता येत नाही. आणि दुपारी पश्चिमेकडे वळवाचा काळा ढग दिसला की चार दिवसांची मेहनत आणि पायलीभर गहू पणाला लागतात. कोकणात हाच प्रसंग आंब्याच्या साटांवर आणि आमसुलांवर येतो. कथानकात नाट्य नाही म्हणून जो टीकाकार कुरकुरतो, त्याने हा ढग पाहावा. उत्कंठा, संघर्ष, कालमर्यादा ही नाट्याची सर्व अंगे येथे आहेत. कमी आहे ती हा प्रसंग लिहिण्याजोगा मानणारी दृष्टी.

ही दृष्टी मराठी लेखकांनी कितपत दाखविली? 1952 ते 1971 या दोन दशकांतील पाच ग्रंथ या कसोटीवर ठेवून पाहू. पाचही ग्रंथ मान्यता पावलेले आहेत, तेव्हा त्यांची थोरवी येथे सिद्ध करावयाची नाही. कसोटी एकच आहे: उन्हाळ्यात घर कसे चालते, हे त्यातून कळते काय?

प्रथम दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (1956). चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे हे निबंध मराठी गद्याला लाभलेली एक अपूर्व देणगी आहेत. उन्हाळा म्हणजे वैराण ऋतू, हा रूढ समज दुर्गाबाईंनी पुरता मोडून काढला. पानगळ आणि पालवी एकाच झाडावर एकाच वेळी कशी नांदते, उन्हाच्या कडाक्यातच फुलण्याची धडपड कशी चालते, हे त्यांच्याइतक्या बारकाईने आणि अभ्यासाने क्वचितच कोणी दाखविले असेल. परंतु या ग्रंथाचा नायक निसर्ग आहे. माणूस येतो तो पाहणारा म्हणून, किंवा सण साजरे करणारा म्हणून. ज्या उन्हात पळस फुलतो त्याच उन्हात पापड वाळतात, हे ‘ऋतुचक्रा’चे क्षेत्र नव्हे. याचा दोष ग्रंथाला देता येत नाही. दोष आहे तो आपला, कारण हा निसर्गाचा ग्रंथ वाचून आपण ग्रामीण उन्हाळा वाचला असे समाधान करून घेतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) याच्या दुसऱ्या टोकाला आहे. माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर शाळामास्तर म्हणून आलेला एक कोवळा तरुण ही कथा सांगतो. तो परका आहे आणि परका असल्याचे लपवीत नाही. माडगूळकरांच्या कलेचा हा प्रामाणिकपणा मोठा आहे. मास्तरला जेवढे दिसेल तेवढेच ते वाचकाला दाखवितात. कोणाच्या चुलीपाशी विनाकारण शिरत नाहीत. मात्र यामुळे या कादंबरीतील कोरडा काळ आपल्याला दिसतो तो आपत्तीच्या रूपात. पाऊस हुलकावणी देतो, मेंढरे मरू लागतात, वाडी उठते. नेहमीच्या, सुरळीत पार पडणाऱ्या उन्हाळ्यात ही माणसे काय करीत असतील, हे मास्तरला अंगणाबाहेरूनच पाहावे लागते. दुष्काळाची भीषणता मनावर पूर्णपणे ठसण्यासाठी साध्या उन्हाळ्याची ओळख आधी हवी. ज्या घराची बेगमी आपण पाहिली, त्याची रिकामी कणगी आपल्याला अधिक बोचते.

त्याच वर्षी आलेली गो. नी. दाण्डेकरांची ‘पडघवली’ या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते, कारण येथे कथा सांगते ती घरची बाई. अंबावहिनी नवी नवरी म्हणून कोकणातल्या त्या घरात येते आणि गावाची वाताहत डोळ्यांदेखत पाहते. दाण्डेकरांचा जन्म विदर्भातल्या परतवाड्याचा. तरी कोकणच्या बोलीत आणि बाईच्या मुखाने बोलण्याचे धाडस त्यांनी केले आणि ते पुष्कळ अंशी सिद्धीस नेले. घरातल्या रीतिभाती, सणवार, झाडामाणसांची नाती यांचा येथे जो प्रत्यय येतो तो बाहेरून गोळा केलेल्या माहितीचा वाटत नाही. तथापि एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ‘पडघवली’चा सूर विलापाचा आहे. गेलेल्या दिवसांविषयी बोलताना माणूस कष्टांनाही सोन्याचा वर्ख लावतो. अंबावहिनीचे घर ओसरत चालले आहे म्हणून त्यातले काम आपल्याला सुंदर दिसते. ते काम चालू असताना तिची पाठ किती दुखत होती, हे त्या सुरात बुडून जाते. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला ही कादंबरी इतकी जिव्हाळ्याची का वाटली, याचे एक कारण येथे असावे. त्याला आठवण हवी होती, आणि ती त्याला मिळाली.

आनंद यादवांच्या ‘गोतावळ्या’त (1971) आठवणीचा हा वर्ख नाही. मळ्यावर राबणारा नारबा आपल्याच बोलीत बोलतो, आणि त्याचे जग म्हणजे मळ्यावरची जनावरे. मालक यंत्राच्या मागे लागतो, ट्रॅक्टर येतो, आणि एकेक जनावर मळ्यावरून जाऊ लागते. कागल-कोल्हापूरकडील बोलीतली ही सलग निवेदनाची कादंबरी आपल्या वाङ्मयातील एक टप्पा मानली जाते ते यथार्थ आहे. घरच्या माणसाचा दिवस कसा असतो हे येथे प्रथमच पुरते कळते. जनावराला पाणी दाखविणे, वैरण टाकणे, पिकाला पाणी पाजणे या गोष्टी वर्णनासाठी आलेल्या नाहीत; त्या नारबाच्या श्वासासारख्या चालू असतात. पाहुणा ज्याला निसर्ग म्हणतो, त्याला नारबा काम म्हणतो, आणि त्या कामातच त्याची माया गुंतलेली असते. एक मर्यादा मात्र उरते. नारबा एकटा आहे. गोठा आणि मळा त्याचे, पण नांदते घर त्याचे नव्हे. उन्हाळ्याचा जो अर्धा भाग चुलीपाशी, जात्यापाशी आणि अंगणातल्या खाटेवर पार पडतो, तो ‘गोतावळ्या’च्या कक्षेबाहेरच राहतो.

हे दोन्ही अर्धे एकत्र सापडतात ते या पाचांतील सर्वांत आधीच्या ग्रंथात, ‘बहिणाबाईंची गाणी’ (1952) मध्ये. जळगावजवळच्या असोद्याला 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात आणि घरात राबताना त्या जे गात ते पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी उतरून घेतले. 1951 मध्ये त्या निवर्तल्या आणि पुढील वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. त्यांच्या गाण्यांत नांगर, मोट, रगडणी, उपणणी ही शेतातली कामे आहेत. त्याच ओघात जाते, चूल आणि तवा आहे. उंबऱ्याच्या आतले काम आणि बाहेरचे काम असा भेदच त्या करीत नाहीत, कारण त्यांचे हात दोन्हीकडे होते.

त्यांचे ‘आखजी’वरील गाणे या दृष्टीने मुद्दाम वाचावे. आखजी म्हणजे अक्षय्यतृतीया, खानदेशातला ऐन वैशाखातला मोठा सण. पितरांच्या नावे घागर भरली जाते, माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, आणि सालदाराचे साल पूर्वापार याच दिवसापासून धरले जाते. म्हणजे हा सण कामाच्या दोन वर्षांमधला सांधा आहे. येथील सासुरवाशीण पाहुणी आहे, पण दोन दिवसांची. तिचे सासरचे काम तिची वाट पाहत आहे हे तिला ठाऊक असते. म्हणूनच तिचा झोका पाहुण्याच्या सुटीहून निराळा वाटतो. विसाव्याची किंमत ज्याला कळते त्याच्याच तोंडी विसाव्याचे गाणे शोभते. बहिणाबाईंना निसर्गकवयित्री किंवा तत्त्वज्ञ म्हणून गौरविण्याची आपली रीत आहे. माझ्या मते त्यांचे तत्त्वज्ञान त्यांच्या कामाच्या माहितीतून उगवले आहे, आणि ती माहिती बाजूला ठेवून केलेला गौरव अपुरा आहे.

येथे शेजारच्या कन्नड साहित्यातील एक दाखला उपयोगी पडेल. कुवेंपूंची ‘कानूरु हेग्गडिति’ (1936) ही मलेनाडातील एका मोठ्या घराची कादंबरी. तिच्या आरंभी म्हैसूरला शिकणारे हूवय्य आणि रामय्य सुटीसाठी घरी परततात. म्हणजे वाचक त्या घरात शिरतो तो पाहुण्याच्या बरोबर. परंतु कुवेंपू त्याला पाहुणा राहू देत नाहीत. घरधनी चंद्रय्य गौड, त्याची बायको सुब्बम्म, गडी-माणसे, पोफळीच्या बागा, शिकारीची कुत्री, घरातले हेवेदावे यांत तो असा गुंतत जातो की सुटी केव्हा संपली हे कळतही नाही. कुवेंपू स्वतः तीर्थहळ्ळी तालुक्यातल्या कुप्पळीच्या घरात वाढले आणि त्यांचे लेखकाचे आयुष्य म्हैसुरात गेले. आमच्या गोकुलमपासून जवळच, वोंटिकोप्पलला, त्यांचे ‘उदयरवि’ हे घर आहे. गाव सोडलेल्या लेखकाला गावचे घर आतून लिहिता येत नाही, अशी समजूत असेल तर ती या एका उदाहरणाने खोटी ठरते. अंतर आडवे येत नाही. आडवी येते ती आठवणीपुरतेच आठवण्याची सवय.

म्हैसूरचा उन्हाळा सौम्य. आंब्याच्या दिवसांतल्या सरी येथे एप्रिलमध्येच येऊन जातात. तरीही मार्च लागला की गोकुलममधल्या गच्च्यांवर पांढरी धोतरे आणि जुन्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांवर संडिगे व हप्पळ वाळू लागतात. संडिगे म्हणजे आपले सांडगे. शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच राहिला, कारण काम एकच होते आणि ते करणाऱ्या हातांना सरहद्द नव्हती. वळवाची चाहूल लागताच गच्चीवर जी धावपळ उडते तीही एकच. ज्याला हे दिसते, त्याला घरच्यांचा उन्हाळा समजण्यासाठी गावी जाण्याचीही गरज नाही.

या पाच ग्रंथांवरून निष्कर्ष असा निघतो: आपल्या गद्याला उन्हाळ्याचे आकाश साधले, दुष्काळ साधला, विरह साधला, आणि ‘गोतावळ्या’त गोठाही साधला. सबंध घराची बेगमी मात्र पुरतेपणी साधली ती एका निरक्षर शेतकरी बाईच्या पद्यात. याचे कारण प्रतिभेच्या वाटणीत शोधण्याचे प्रयोजन नाही. जे काम दर वर्षी होते, यशस्वी झाले तर दिसत नाही आणि बहुतांशी बायका करतात, त्याला आपण घटना मानीत नाही. दुष्काळात घर मोडले तर त्याची कादंबरी होते. तेच घर पन्नास उन्हाळे शाबूत राहिले तर ते कोणाच्या मनगटांवर राहिले, हे विचारले जात नाही.

गावच्या उन्हाळ्यावरचा लेख आता हाती आला की वाचकांनी एवढेच पाहावे: लेखकाच्या ताटातला आंबा कोणी उतरविला, अढी कोणी घातली, आणि तो परतल्यावर अंगणातली साटे कोणी उचलली, याची त्याला खबर आहे काय? असेल, तर त्याच्या आठवणींची गोडीही खरी मानावी. नसेल, तर लेख कितीही लालित्यपूर्ण असला तरी तो पाहुणचाराची पावती आहे, एवढे समजून पान उलटावे.

— गोकुलम, म्हैसूर