मुखवटा कोणी कोरला?

लातुरात बसून पॅरिसच्या छायाचित्रांवर लिहिणे ही चैन आहे, असे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील. म्हणोत. ज्या कलेचा बाजार कोटींत चालतो, तिची तपासणी मुंबईच्या कलादालनांवरच का सोपवावी?

अतिवास्तववादी कलावंत मॅन रे याचे 'न्वार ए ब्लांश', म्हणजे 'काळी आणि गोरी', हे छायाचित्र १९२६ साली 'व्होग' मासिकाच्या पॅरिस आवृत्तीत छापले गेले. डोळे मिटून टेबलावर गाल टेकलेली गोरी स्त्री. तिच्या हातात उभा धरलेला काळा मुखवटा. स्त्रीचे नाव किकी, हे जगाला ठाऊक आहे. मुखवटा आयव्हरी कोस्टच्या बाऊले लोकांच्या शैलीतला, एवढेच सांगितले जाते. कोरणाऱ्याचे नाव नाही. २०१७ मध्ये या चित्राची एक जुनी प्रत पॅरिसच्या लिलावात सुमारे २७ लाख युरोंना गेली.

एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघतात. मग ही किंमत कशाची? कलावंताने त्याच काळात काढलेल्या प्रतीची, सही-शिक्क्याची, आणि ती कोणाकोणाच्या हातून आली त्या वंशावळीची. वंशावळ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. संग्राहक कागदाचे कूळ विचारतो, आणि दुर्मिळतेलाच मूल्य म्हणतो. आपल्या वस्त्यांत बाबासाहेबांचे छायाचित्र घरोघर आहे, प्रतीवरून काढलेली प्रत, कधी पुसट, कधी कॅलेंडरवरची. ते सर्वांकडे आहे म्हणून त्याचे मोल कमी झाले, असे कोण म्हणेल?

अतिवास्तववाद्यांना सरसकट झोडपणे मात्र अन्यायाचे होईल. १९३१ साली पॅरिसला भरलेल्या वसाहतींच्या प्रदर्शनाला जाऊ नका, असे पत्रक त्यांनी काढले होते. त्याच वर्षी जुलैत ब्रेताँ आणि एल्युआर यांनी आपल्या संग्रहातली आफ्रिका, अमेरिका व ओशनियातली शिल्पे लिलावात विकली. मला यात ढोंग दिसत नाही, अपुरेपण दिसते. दिवाणखान्याच्या भिंतीवर हौसेने हलगी टांगणारा सुधारक आपणही पाहिला आहे. ती मढवणाऱ्याच्या दारी तो कधी गेलेला नसतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी भरलेली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. रुळांवरून पाणी येते, हे दृश्य कोणा कलावंताने रचलेले नव्हते. त्या उन्हाळ्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि रद्दीत गेली. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी त्यांच्या चांगल्या प्रती काढून घ्याव्यात. मागच्या बाजूस छायाचित्रकाराचे नाव लिहावेच, पण घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईचेही लिहावे. वस्तीत विचारले तर ते अजून सापडेल.