इगतपुरीची दहा प्रवचने : एक आस्वाद, एक शंका

मराठी समीक्षेने कीर्तनाची दखल घेतली, तमाशातल्या बतावणीचीही घेतली. पण इगतपुरीच्या धम्मगिरीवर गेली कित्येक वर्षे हजारो मराठी माणसांच्या कानांवर पडणारी सत्यनारायण गोएंका यांची दहा प्रवचने वाङ्मय म्हणून कोणी तपासलेली निदान माझ्या पाहण्यात नाहीत. ती ध्यानाच्या खात्यात जमा होतात आणि समीक्षक मोकळा होतो.

ती कोणत्या स्थितीत ऐकली जातात हे आधी सांगितले पाहिजे. विपश्यनेच्या या निवासी शिबिराला शुल्क नाही. राहणे-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालते, आणि दानही शिबिर पुरे केलेल्याकडूनच घेतात. पगारदार शिक्षक असो की शेतमजूर, दार सारखेच उघडे. मात्र पुस्तक, वही, पेन सारे बाहेर ठेवावे लागते. पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक, नऊ दिवस आर्यमौन. मे महिन्याच्या सुट्टीत मी हे शिबिर केले, तेव्हा तिसऱ्या दिवशी साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर दोनदा वाचून काढला! अशा उपाशी कानांवर सायंकाळी सातला सव्वा तासाचे ध्वनिमुद्रित प्रवचन येते. म्हणून त्याच्या प्रभावात वक्तृत्वाचा वाटा किती आणि उपासाचा किती, हे समीक्षकाने सांभाळूनच बोलावे.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगी निरूपण आणि उत्तररंगी आख्यान असते. इथली घडण निराळी. आरंभी किती दिवस सरले, किती उरले याचा हिशेब. मग श्रोत्याच्या दुखऱ्या गुडघ्यांची आणि पळपुट्या मनाची थट्टा. मग सिद्धान्त, आणि तो जड होऊ लागला की गोष्ट. मंडालेत १९२४ साली जन्मलेल्या या मारवाडी व्यापाऱ्याची हिंदी घरगुती आहे, पाली शब्द ती सहज पोटात घेते. पुनरुक्ती भरपूर. छापून वाचली तर कंटाळा येईल. ऐकताना तिचीच लय होते. दोहे मात्र मला सामान्य वाटले. पहाटेच्या अंधारात त्या खर्जातल्या आवाजावर ते तगून जातात, एवढेच.

गोष्टींत सर्वांत सरस किसा गोतमीची. मेलेले मूल कवटाळून ती दारोदार मोहरी मागते, आणि अट अशी की त्या घरात कधी कोणी मेलेले नसावे. ही गोष्ट आपण शाळेतही सांगतो. पण गोएंका ती घाईने संपवीत नाहीत, तिला एकेका दारातून रिकाम्या हाताने परत फिरू देतात. उलट नावाड्याला शास्त्रांची नावे विचारणारा प्राध्यापक, आंधळ्याला खीर समजावणारा पोरगा, या कथांत शब्दावर विसंबणारा दरवेळी फजीत होतो. दहा संध्याकाळी शब्दांनीच जिंकणाऱ्याने शब्दांची एवढी टवाळी करावी, हे आम्हा मास्तरांना रुचत नाही.

माझी खरी शंका याहून मोठी आहे. अनुभवाला येईल तेवढेच माना, असे गोएंका पुनःपुन्हा बजावतात. पण प्रतीत्यसमुत्पादाची साखळी उलगडताना ते गतजन्म आणि पुढचा जन्म जोडून देतात, आणि तो मुद्दा श्रोत्याच्या अनुभवाला येणारा नसतो. शिवाय १४ ऑक्टोबर १९५६ नंतर मराठीत बुद्धाविषयी बोलणाऱ्याला नागपूर वगळता येत नाही. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली निघालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ उपदेशातली आहेत काय, असा थेट प्रश्न आहे. कर्म आणि पुनर्जन्माविषयीही आहे. तिथे दुःखाचा मोठा भाग माणूस माणसाला देतो. इगतपुरीत ते तृष्णेतून, आतून उगवते. माझ्या रांगेत दीक्षा घेतलेल्या घरातला एक तरुण होता. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर त्याने मला विचारले, “सर, पाणवठ्यावर आजोबांना हाकलले, त्यात आजोबांची तृष्णा कोणती?” प्रवचनांत याचे उत्तर मला सापडले नाही. धर्म सर्वांचा, असे ती ठासून सांगतात. हाकलणाऱ्यापाशी फार वेळ थांबत नाहीत.

तरीही १९९४ साली तिहारच्या कारागृहात हजाराहून अधिक कैदी हेच ऐकत बसले होते, हे मी नजरेआड करू शकत नाही. ज्यांना बाहेरचे काही बदलता येत नाही, त्यांच्यापर्यंत ही वाणी पोचते.

कीर्तनकार समोरचे चेहरे पाहून आख्यान बदलतो. गोएंका २०१३ साली गेले. ध्वनिफितीत बदल संभवत नाही. त्या तरुणाचा प्रश्न आता त्यांच्या आचार्यांनी आणि मराठी भाष्यकारांनी घ्यायचा आहे.