संदेश की चाहूल? एका संज्ञेची चिकित्सा

ऑक्सिलिपिनांच्या अभ्यासात फार्मर व रायन यांच्या १९९० मधील निबंधाचे महत्त्व वादातीत आहे. लिनोलेनिक अम्लाच्या ऑक्सिडीकरणातून वनस्पतींत सिद्ध होणारे मिथिल जॅस्मोनेट हवेतून पसरते आणि टोमॅटोच्या पानांत किडीच्या पचनास अडथळा आणणारी प्रथिने निर्माण करविते, हे त्यांनी दाखविले. बंद पात्रात शेजारी ठेवलेल्या सेजब्रशनेही (हे आपल्या दवण्याचेच भावंड) तोच परिणाम घडविला. प्रयोगाविषयी तक्रार नाही; आक्षेप आहे तो शीर्षकातील ‘संदेशवहन’ या शब्दावर. संदेश म्हटला की धाडणारा व त्याचा हेतू गृहीत धरला जातो. परंतु शेजाऱ्यास सावध करून सेजब्रशला काय लाभ, हे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. २००० साली कारबान व सहकाऱ्यांनी खुल्या रानात, छाटलेल्या सेजब्रशजवळील रानतंबाखूची पाने किडीने कमी खाल्ल्याचे नोंदविले. तेथेही लाभ दिसला तो ग्राहकाचा. शिवाय खरा कार्यकारी रेणू जॅस्मोनिक अम्ल व आयसोल्यूसिन यांच्या संयोगातून बनतो, हे २००९ पर्यंत स्पष्ट झाले. तो संयोग ग्राहक वनस्पती स्वतःच घडविते. म्हणून ‘संदेश’ न म्हणता ‘चाहूल’ म्हणणे अधिक युक्त. चाहूल कोणी धाडीत नाही. ती ज्याची त्याला लागते.