दहा प्रश्न कोणाचे?

व्यवसायोपचाराचं शिक्षण आपल्याकडे १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, ही त्यामागची कल्पना मला मोठी वाटते. माझी तक्रार आहे ती मोजपट्टीबद्दल.

बार्थेल निर्देशांक घ्या. अमेरिकेतला, १९६५ चा. दहा बाबी, १०० गुण. पलंगावरून खुर्चीत जाण्याला १५, जिना चढण्याला १०. आता हा कागद कर्जत-खालापूरच्या एखाद्या कातकरी वाडीत न्या. कुडाचं घर, सारवलेली जमीन. जिना कुठला? तिथे लागतं जमिनीवरून उठणं, उकिडवं बसणं, हंडा घेऊन चढण चढणं, ओढ्यात खेकडे धरणं, चिखलात वाकून लावणी करणं. यातलं काहीच कागदावर नाही. म्हणजे पक्षाघातानंतर एखादी बाई नव्वद गुण मिळवून ‘स्वावलंबी’ ठरेल, आणि वीटभट्टीवर नवराबायकोच्या जोडीला मिळणारी उचल मात्र बंद होईल.

कुणी म्हणेल, मोजपट्टी सगळीकडे सारखी नसेल तर तुलना कशी करायची? प्रश्न रास्त आहे. पण आकडा सारखा आला म्हणून अर्थ सारखा होत नाही, बरं का.

यावर आपले सद्‌हेतूचे लोक काय करतात? कागदाचं मराठी करतात, वाडीतली एक शिकलेली मुलगी दुभाषी म्हणून घेतात. ती प्रश्न विचारते. एखादा प्रश्न खोडायचा अधिकार तिला नसतो. याला साथ म्हणायला मी तयार नाही. न्यूझीलंडमध्ये मेसन डुरी या माओरी मनोविकारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात आरोग्याची मांडणी चार भिंतींच्या घरासारखी केली: शरीर, मन, कुटुंब, आत्मिक बाजू. तिथे माओरी माणसाने चौकटच बदलली, आणि तिथल्या आरोग्यव्यवस्थेने ती वापरायला घेतली. आपल्याकडे वाडीतल्या माणसाला जागा मिळते ती बहुधा वाट दाखवण्यापुरती. थेरपिस्ट निवडताना, पैसे कशावर खर्चायचे हे ठरवताना त्याला कोण विचारतं?

साधी पुढच्या तपासणीची तारीख घ्या. ‘तीन महिन्यांनी या’ असं आपण लिहून देतो. ती तारीख वाडीने ठरवावी. कारण भट्टीवर जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर बाहेर पडतात ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात विचारायला वाडीत फारसं कुणी नसतं.