तबकडीची दुसरी बाजू

साठी ओलांडलेल्या मंडळींत ध्वनिमुद्रिकांचा विषय निघाला की बोलणे हळवे होते. सुईची खरखर, पुठ्ठ्याच्या वेष्टनाचा वास, भोंग्यापुढे कान देऊन बसलेला एच. एम. व्ही.चा कुत्रा, सारे पुन्हा एकवार सांगून होते. या हळवेपणाचा आता बाजारही झाला आहे. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या खपल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाख. परंतु खरखर हा त्या काळचा दोष होता, गुण नव्हे, असे आमचे मत आहे. हळहळायचे तर ते निराळ्या गोष्टीसाठी.

लाखेची ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. तेवढ्यात विलंबित ख्यालाने पाय पसरावेत कोठे? १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची ‘लाँग प्ले’ आणली आणि एक बाजू वीस मिनिटांपलीकडे गेली. याचे फळ पाहायचे तर १९६० च्या सुमाराची उस्ताद अमीर खाँ यांची तबकडी ऐकावी. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. मारव्यात खाँसाहेब षड्जावर येणे लांबवीत राहतात. मावळतीची ती हुरहूर ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. मग उठावे, तबकडी उलटावी, तो मध्यरात्रीचा दरबारी सुरू. मधला सारा प्रहर त्या उठण्यात ओलांडला जाई. आज हेच गायन मोबाइलवर अधिक स्वच्छ ऐकू येते, पण कुणाला उठावे लागत नाही, आणि बोटाच्या एका स्पर्शाने मारवा अर्ध्यावर सोडता येतो. आम्ही तो पुरा ऐकत असू. (याचे सारे श्रेय आमच्या रसिकतेस देऊ नये, सुई मध्येच उचलली तर ओरखडा पडेल, ही भीतीही होती.)

हे झाले घरात यंत्र असलेल्यांचे. पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाताना नेरे लागते. त्या बाजूच्या आगरी वस्त्यांत तबकडी ऐकू येई ती प्रामुख्याने लग्नाच्या मांडवात, कर्ण्यातून. शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे स्वर अशी कोळीगीते तेव्हा गाजत होती. ती उत्तम आहेत. हेमंतकुमारांच्या बंगाली कंठातून दर्या इतका भरदार यावा, याचे नवल आम्हांस अजून वाटते. मात्र ती शहरातल्या ध्वनिमुद्रणकक्षात घडलेली, वाद्यवृंदाने सजलेली लोकगीते होत.

त्याच मांडवात धवळारीण बसलेली असे. आगरी लग्नात विधी चालू तोवर तिचे धवळे चालू. तीन मिनिटे काय नि वीस मिनिटे काय, कोणत्याही बाजूत न मावणारे. कर्णा वाजू लागला की जवळच्या बायकांपुरताच तिचा आवाज उरे. तबकडीने ख्यालाला सवड दिली खरी. ती सवड कुणाला द्यावयाची हे मात्र कंपन्या ठरवीत, आणि आमच्या पिढीच्या आठवणीही त्यांच्याच याद्यांप्रमाणे लागलेल्या आहेत.

जुन्या कोळीगीतांच्या तबकड्या आज संग्राहक शोधत असतात. धवळारणीची तबकडी आमच्या पाहण्यात नाही. धवळे पाठ असलेल्या वृद्ध स्त्रिया आता थोड्याच राहिल्या आहेत, आणि मांडवात कर्ण्याच्या जागी डीजे आला आहे.