अर्ज एक, पडदे चार

माणसाने कशाचं समीक्षक व्हावं याला आताशा काही धरबंध राहिलेला नाही. कुणी नाटकाचा होतो, कुणी मिसळीचा. मी गेल्या वर्षी जुन्या घरगुती कम्प्युटरांच्या पडद्यांचा समीक्षक झालो. आमची मुलगी केंब्रिजला असते. तिथल्या कम्प्युटरच्या संग्रहालयात जुन्या यंत्रांना हात लावू देतात. हे कळल्यावर मी बाह्या सरसावल्या.

कारण माझा एक हिशेब बाकी होता. १९८६ साली आमच्या भाच्याने एक घरगुती कम्प्युटर टीव्हीला जोडून व्याजाचा प्रोग्रॅम लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मामा, तुम्ही बँकेतले. वाचा बघू आकडा." मी खणखणीत आवाजात वाचला. दोन ठिकाणी ८ चा ३ वाचला. घर हसलं. तीन-तीन कारकुनांच्या हातचं लेजर घडाघडा वाचणारा मी! त्या दिवशी ठरवलं, हे आपलं काम नव्हे. पुढे शाखेत कम्प्युटर आले तेव्हा मी शिक्षणाला नाव दिलं नाही, कॅश काउंटर मागून घेतला. माझ्या मागून लागलेले तिघं ऑफिसर झाले. असो.

समीक्षेला सर्वांना एकच मजकूर हवा. मी रजेचा अर्ज घेतला : 'सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट'. इंग्रजीत मोकळ्या जागा धरून अक्षरं ४१.

पहिला कमोडोरचा व्हिक-२०. ओळीत अक्षरं २२, अंकलिपीतल्यासारखी ऐसपैस. 'रिस्पेक्ट'पाशीच ओळ संपली. आदर वरच्या मजल्यावर, विनवणी खालच्या. वाचायला छान, पण पडद्यावर ओळी २३च. सविस्तर कारण लिहायचं तर रजाच रद्द करावी लागेल.

दुसरा सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम, १९८२ चा. ओळीत अक्षरं ३२. पांढऱ्यावर काळं, वहीसारखं. डोळ्यांना ओळखीचं वाटतं. पण रेघ एकाच ठिपक्याची, आणि 'स्टेट'चा 'एस' वर राहून खाली 'टेट दॅट' उरलं. याच यंत्रावर टासवर्ड नावाचा प्रोग्रॅम ओळीत ६४ अक्षरं बसवी. म्हणजे रुंदीत अक्षरामागे चार ठिपके. त्यांतला एक शेजाऱ्यापासून अंतर राखायला. उरले तीन. तीन ठिपक्यांत इंग्रजी 'एम' काढून दाखवा! चाळीच्या खोलीत संसार थाटणाऱ्यालाच ते जमेल.

तिसरा कमोडोर ६४, तोही १९८२ चाच. निळ्यावर फिकट निळं, पावसात भिजलेल्या आंतरदेशीय पत्रासारखं. ओळीत ४०, त्यामुळे 'दॅट'चा शेवटचा 'टी' एकटाच पुढच्या ओळीत, बस चुकलेल्या पाहुण्यासारखा. पण उभ्या रेघा दोन-दोन ठिपके जाड, आणि ते शहाणपण आहे. ही यंत्रं एरियलच्या भोकातून घरच्या टीव्हीत शिरत. टीव्ही जन्मला चेहरे दाखवायला. चेहरा जरा विरघळला तरी नट ओळखू येतो. ८ जरा विरघळला की त्याचा ३ होतो. बारीक रेघेचा तिथे निभाव लागत नाही.

इथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

चौथा एकॉर्नचा बीबीसी मायक्रो. १९८१ चा, १९८४-८५ पासून 'क्लास' प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांतही आला. याला ८० अक्षरांची ओळ येते, अर्ज एका दमात संपतो. पण साध्या टीव्हीवर ती मुंग्यांची रांग, मॉनिटरच हवा. मग मुलीने 'मोड ७' लावला. ओळीत पुन्हा ४०, 'टी' पुन्हा खाली. पण अक्षर काय वर्णावं! ते टेलिटेक्स्टचं. बीबीसीने १९७४ पासून टीव्हीवर बातम्यांची पानं दाखवली, त्या घराण्यातलं. तिरक्या रेघेच्या पायऱ्यांत चिप अर्धे ठिपके भरते, म्हणून कोपरे गोल दिसतात. कुणीतरी आधीच विचार केला होता, की वाचणारा माणूस लांब खुर्चीत बसलेला असणार आणि त्याचा चष्मा आतल्या खोलीत राहिलेला असणार. बाकी जाहिराती ओळीत किती मावतं ते सांगत. ओळीतलं किती दिसतं, हा प्रश्न इथे कुणीतरी विचारला होता.

पहिला नंबर मोड ७ ला. परीक्षकांचा निर्णय अखेरचा.

मग मी त्यावर हळूच ८३८८३ टाइप केलं, खुर्ची सहा फूट मागे घेतली आणि वाचलं. आठ ते आठ, तीन ते तीन.

"बाबा, रडताय?" मुलीने विचारलं.

"छे गं. पडदा जुना आहे, डोळ्यांना त्रास होतो."

परत आल्यावर भाच्याला हे सगळं सांगायला फोन करणार होतो. त्याआधी त्याचाच आला. आता साठीला टेकलाय.

"मामा, मोबाइलवर अक्षर मोठं कसं करायचं हो?"

सांगितलं. हसलो मात्र नाही.