क्यूब पास झाला, पण बोगद्याच्या छताचं काय?

पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट क्रशरमध्ये फोडून मिळालेली खडी बोगद्याच्या शॉटक्रीटमध्ये चालेल का? या विषयावरच्या पेपरांचा एक ठरलेला शेवट असतो: 28 दिवसांची ताकद थोडीच घटली, म्हणून ही खडी बोगद्याच्या अस्तरासाठी योग्य. कल्पना चांगलीच आहे. राडारोडा नदीकाठी ओतण्यापेक्षा वापरलेला बरा. माझी हरकत आहे ती त्या 'म्हणून'वर.

शॉटक्रीट मोल्डमध्ये ओतत नाहीत. ओल्या पद्धतीत ते पंपाने होजमधून ढकलतात, नोझलपाशी दाबाची हवा आणि ॲक्सिलरेटर मिसळतात आणि ते खडकावर आदळतं. आदळण्यानेच ते घट्ट बसतं. काही माल उसळून खाली पडतो, तो रिबाउंड. त्यात जाड खडी जास्त असते. मग मिक्सरमध्ये 20 टक्के जुनी खडी घातली, तर छताला किती चिकटून राहिली? मोल्डमधला क्यूब हे सांगूच शकत नाही. त्यासाठी पॅनेलवर फवारून कोअर काढावे लागतात. काही अभ्यासांत ते केलंय आणि तेच वाचण्यासारखे आहेत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. या खडीला जुना मॉर्टर चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. चांगली बेसाल्टची खडी साधारण 1-2 टक्के पाणी शोषते. ही बऱ्याचदा 4 ते 8 टक्के. कोरडीच घातली तर मिश्रण वाटेतच घट्ट होतं, पंप चोक होतो. मग साइटवर कोणीतरी पाणी वाढवणार. त्याने माल सेट व्हायला उशीर, की ॲक्सिलरेटरही वाढवणार. दोन्हीने पुढची ताकद घटते. लॅबमध्ये खडी नीट भिजवून, मोजून घेतलेली असते, त्यामुळे यातलं काही दिसतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. ब्लास्टनंतर शॉटक्रीट मारतात आणि पुढच्या कामासाठी माणसं त्याच छताखाली जातात. त्यांचा जीव पहिल्या काही तासांतल्या ताकदीवर अवलंबून असतो. ऑस्ट्रियातून आलेले जे1, जे2, जे3 हे वक्र म्हणूनच 6 मिनिटांपासून 24 तासांपर्यंतची ताकद बघतात. पेपरात पहिला आकडा 7 दिवसांचा असेल, तर खरा प्रश्न विचारलाच नाही असं समजा.

कार्बनचा हिशेबही असाच अर्धवट. शॉटक्रीटमध्ये घनमीटरला 400-450 किलो सिमेंट जातं आणि कार्बनचा मोठा वाटा त्याचाच. ताकद भरून काढायला 20 किलो सिमेंट वाढवलं, तर सुमारे 16 ते 18 किलो कार्बन डायऑक्साइड वाढला. खडी वाचवून झालेला फायदा त्यात सहज बुडू शकतो. रिबाउंड वाढला तर तेही सिमेंट जमिनीवरच.

आपलं आयएस 383 (2016) ही खडी आरसीसीत 20 टक्क्यांपर्यंत आणि तेही एम25 पर्यंतच चालवून घेतं. पुढे जायचं तर पुरावा लागेल, आणि तो फवारलेल्या मालाचाच हवा.

असा पेपर हातात आला, तर निष्कर्षाआधी तक्ते बघा. रिबाउंड किती? पहिल्या दिवसाची ताकद किती? खडी कोरडी होती की भिजवलेली? यातलं काहीच नसेल, तर तो पेपर काँक्रीटवरचा आहे, शॉटक्रीटवरचा नाही.